एटी२०२० माइक आणि स्कारलेट सोलो: गावातल्या खोलीत बॅलड सिंगल करायचं तर

ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० कंडेन्सर माइक आणि फोकसराइटचा स्कारलेट सोलो इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), चौथी पिढी. संथ चालीच्या प्रेमगीतासाठी ही जोडी पुरते. वणी, आर्वी, दिग्रसच्या आसपास राहून गाणी करणाऱ्यांनी याहून महाग माइकच्या मागे लागू नये. ते पैसे खोली शांत करण्यात आणि अर्थिंगमध्ये घालावेत. डीजेवरच्या गाण्यात ढोल आणि बास सतत सुरू असतो, मागची घरघर त्यात झाकली जाते. बॅलडचा मुखडा बहुतेक वेळा नुसत्या पियानोवर नाहीतर गिटारवर असतो. दोन ओळींच्या मधे जागा मोकळी असते आणि त्या जागेत शेजारचा कूलर स्पष्ट ऐकू येतो.

माइकबद्दल आधी. हा कार्डिऑइड आहे, समोरचं घेतो, पाठीमागचं बरंच सोडतो. ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरीतूनच येणारी वीज, लागते; ती सोलोमधून मिळते. खालची घरघर कापणारं लो-कटचं बटण नाही, मोठा आवाज कमी करणारा पॅड नाही, डब्यात शॉकमाउंटही (माइक झुलता धरून थरथर अडवणारी पकड) येत नाही. शॉकमाउंट वेगळा घ्याच, कारण जवळ पिठाची गिरणी असेल तर थरथर जमिनीतून स्टँडमध्ये आणि स्टँडमधून थेट गाण्यात उतरते. वरच्या पट्टीत माइक थोडा चमकदार आहे. मराठी गाण्यात याचा त्रास दिसतो: ‘चांदणं’मधला च, ‘जीव’ आणि ‘साजण’मधले ज-स कानाला टोचतात. माइक ओठांच्या किंचित वर ठेवून खाली झुकवा, १५ ते २० सेंटिमीटर अंतर राखा, मधे पॉप फिल्टर लावा. उरलेलं ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात डी-एसरने (स-चची धार कमी करणाऱ्या सॉफ्टवेअर इफेक्टने) काढता येतं. सोलोवरचा ‘एअर’ मोड या माइकसोबत बंदच ठेवावा, तो तीच धार आणखी वाढवतो.

सोलोत माइकचा प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) एकच आहे, ५७ डेसिबल गेनचा; गेन म्हणजे ही वाढ. गेन आपोआप लावणारी आणि आवाज फाटण्यापासून वाचवणारी सोय फोकसराइटच्याच मोठ्या २आय२ इंटरफेसमध्ये आहे, यात नाही. म्हणून गायकाला अंतऱ्यातली सगळ्यात वरची ओळ जोरात गायला लावा आणि शिखर उणे १० ते उणे १२ डेसिबलवर येईल असा गेन ठेवा. गुणगुणून गेन लावला की तार सप्तकात आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

आता खोली. टिनाच्या पत्र्याखाली रेकॉर्डिंग टाळा. उन्हाळ्यात संध्याकाळी पत्रा थंड होताना टकटक वाजतो, पावसाळ्यात तर विचारायलाच नको. स्लॅबची खोली चालेल, पण उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो, म्हणून गायकाच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना गाद्या उभ्या करा. आपल्याकडे बाजारभाव वाढायची वाट बघत कापूस घरातच साठवलेला असतो. खालपासून वरपर्यंत कापूस भरलेली खोली म्हणजे पैसे न घालता मिळालेली व्होकल बूथ. मधल्या आणि वरच्या पट्टीतला घुमारा तिथे जवळपास उरत नाही. पण तिथे मल्टिप्लग, चार्जर, दिवा काहीही नेऊ नका. आग लागायला एक ठिणगी पुरते. लॅपटॉप बाहेर, आत फक्त माइक, हेडफोन आणि त्यांच्या वायरी. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, त्यामुळे गायकाला तासन्‌तास आत ठेवता येत नाही. काम झालं की माइक पुसून पिशवीत घाला, तंतू जाळीत अडकतात.

घरघरीचं कारण शोधायची सोपी रीत आहे. लॅपटॉपचा चार्जर काढा. घरघर गेली तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा, आणि टेक, म्हणजे गाण्याचं एकेक रेकॉर्डिंग, बॅटरीवरच घ्यायचे. नाही गेली तर इन्व्हर्टर बंद करून बघा. स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टर हमखास गुणगुणतो. मे महिन्यात काळी जमीन भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि रोध वाढतो. हिवाळ्यात साफ येणारी खोली उन्हाळ्यात का गुणगुणते याचं उत्तर बहुधा तिथेच असतं. खड्ड्यात पाणी सोडून बघा. टेकसाठी पहाटेची वेळ उत्तम. कूलरशिवाय गाता येतं आणि गिरणीही बंद असते.

पट्टी ठरवताना भजनी मंडळाच्या पेटीवर भरवसा ठेवू नका. जुन्या पेट्यांचा सूर ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराशी जुळलेला असेलच असं नाही. काळी दोनमध्ये (दुसऱ्या काळ्या पट्टीवर सा धरून) बसवलेलं गाणं कीबोर्डच्या काळी दोनला थोडं चढं किंवा उतरं लागतं. ट्यूनरवर तपासा, नाहीतर पियानो आणि पेटी एकत्र आल्यावर अंतरा बेसूर वाटेल. हेडफोन बंद कपाचे हवेत. हळुवार ओळींत क्लिक (हेडफोनमधली तालाची टिकटिक) माइकमध्ये गळते, तिथे क्लिक कमी करा आणि शेवटच्या सुरावर पूर्ण बंद. चार-पाच पूर्ण टेक घ्या, जोडणी श्वासावर करा. श्वास पुसू नका, फक्त ६ ते ८ डेसिबल खाली घ्या. पिच दुरुस्ती (सॉफ्टवेअरने सूर जुळवणं) हलक्या हाताने, कारण दुरुस्तीचा वेग जास्त ठेवला की मींड तुटून पायऱ्या पडतात.

नागपूर-अमरावतीच्या वादकाकडून ट्रॅक मागवताना सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे, आधी ठरवा. ४८ किलोहर्ट्झची फाइल ४४.१वर वाजली तर गाणं संथ होतं आणि सूर जवळपास दीड सेमीटोन उतरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. मास्टरिंग, म्हणजे रिलीजआधीचा शेवटचा हात, उणे १४ एलयूएफएसच्या (सरासरी आवाजाचं माप) आसपास, शिखर उणे १ डेसिबल ट्रू पीक (खऱ्या सर्वोच्च पातळीचं माप). स्पॉटिफाय मोठ्या आवाजातलं गाणं तसंही खाली आणतो, दाबून मोठं केल्याने बॅलडचा चढ-उतार तेवढा मरतो.

रिलीजसाठी गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या कंपन्या आहेत. सीडी बेबीत गाण्यामागे एकदाच पैसे आणि डिजिटल कमाईतले ९ टक्के जातात. डिस्ट्रोकिडमध्ये वार्षिक वर्गणी आहे. वर्षाला एक-दोन गाणी करणाऱ्याला पहिला हिशेब सोयीचा, कारण वर्गणी थकली की गाणी उतरण्याची धास्ती राहत नाही. ‘रेकॉर्डिंग ते रिलीज’ असं पॅकेज विकणाऱ्याकडे जाणार असाल तर पहिला प्रश्न एकच: खातं कोणाच्या नावावर? त्याच्या खात्यातून गाणं गेलं तर पैसेही त्याच्याकडेच येतात. फुकटची बीट वापरू नका. तीच बीट आणखी कोणी कंटेंट आयडीत (यूट्यूबच्या हक्क ओळखणाऱ्या यंत्रणेत) नोंदवलेली असली तर यूट्यूबवर दावा तुमच्या गाण्यावर येतो.

तारीख अपलोडच्या तीन-चार आठवडे पुढची ठेवा. प्लेलिस्टसाठी स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं किमान ७ दिवस आधी जायला हवं. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर किंवा इन्स्टाचं नाव नको. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा. गीतकार-संगीतकाराचं पूर्ण नाव लिहा. १२ महिन्यांत १००० वेळा ऐकलं गेल्याशिवाय स्पॉटिफाय त्या गाण्याचे पैसे देत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षीच खर्च निघेल असं धरू नका. गीतकाराशी लेखी करार करा आणि त्यात मुदत आणि प्रदेश दोन्ही घाला. मुदत लिहिली नाही तर भारतीय कायद्यानुसार हक्कांची सोपवणूक ५ वर्षांचीच धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरती.