सात फुटी रॉड आणि बेटकास्टिंग रील: पूर्ण हंगामाच्या वापरानंतर

लार्जमाउथ बास या माशासाठी मी वापरत असलेल्या संचात तीनच गोष्टी आहेत: मीडियम-हेवी (बऱ्यापैकी ताठ) ताकदीचा आणि फास्ट ॲक्शनचा, म्हणजे मुख्यतः टोकाकडे वाकणारा, ७ फुटी कार्बन रॉड, ७.१:१ गिअर गुणोत्तराची (हँडलच्या एका फेऱ्यात लाइनची फिरकी ७.१ वेळा फिरवणारी) बेटकास्टिंग रील आणि १२ पौंडांचा ताण सोसणारी फ्लुरोकार्बन लाइन. पाणी गार असताना, ते तापल्यावर आणि पुन्हा निवू लागल्यावर, अशा सर्व काळात मी मुद्दाम हाच एक संच हाती ठेवला आणि दुसरा रॉड सोबत नेला नाही. त्यातून माझे मत असे झाले आहे की केवळ दूरची फेक हवी असेल, तर चांगली स्पिनिंग रील पुरेशी आहे. बेटकास्टिंगसाठी जे जादा कष्ट घ्यावे लागतात, ते लूर (कृत्रिम आमिष) नेमक्या जागी उतरावे आणि तळाशी काय चालले आहे ते हाताला कळावे यासाठी घ्यायचे. या दोन्ही गोष्टी अंगठ्यावर अवलंबून आहेत, आणि अंगठा तयार व्हायला काही महिने लागतात.

ते का लागतात, हे रीलच्या रचनेतच आहे. स्पिनिंग रीलचा स्पूल (लाइन गुंडाळलेली फिरकी) फेकीच्या वेळी स्थिर असतो आणि लाइन त्याच्या कडेवरून सुटत जाते. बेटकास्टिंग रीलमध्ये स्पूल स्वतः फिरतो. लूरच्या ओढीने त्याला गती मिळते, पुढे हवेच्या रोधामुळे लूर मंदावते, पण स्पूल जडत्वामुळे फिरतच राहतो. अशा वेळी कोणी ओढत नसलेली लाइन स्पूलवर सैल होऊन उसळते, तिची वेटोळी एकमेकांत शिरतात आणि गुंता, म्हणजेच बॅकलॅश होतो. त्यावर या रीलमध्ये दोन प्रकारचे ब्रेक आहेत. आतले लहान ठोकळे स्पूल वेगाने फिरू लागला की अपकेंद्री बलाने बाहेर सरकून कड्यावर घासतात, आणि ते बल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने हा ब्रेक फेकीच्या सुरुवातीलाच सर्वाधिक काम करतो. दुसरा ब्रेक चुंबकांचा आहे. फिरत्या ॲल्युमिनियमच्या स्पूलमध्ये त्यांच्यामुळे विजेचे भोवरा-प्रवाह निर्माण होतात आणि फेक संपेपर्यंत स्पूलला रोध होत राहतो. याखेरीज हँडलच्या बाजूला स्पूलच्या अक्षावर दाब देणारा एक स्क्रू असतो. अनेक नवशिके तोच स्क्रू तिसरा ब्रेक समजून घट्ट आवळतात. माझ्या मते त्याचे काम स्पूलची आडवी हालचाल जेमतेम थांबवण्यापुरते आहे, आणि तेवढे झाले की त्याला पुन्हा हात लावू नये.

मला उपयोगी पडलेली पद्धत अशी. १४ ग्रॅमच्या आसपासचे, हवेत न गिरक्या घेणारे एकच लूर निवडावे, चुंबकी ब्रेक बराच वर ठेवावा आणि फेक लहान पण सारख्या ताकदीची करावी. फेकीत झटका नसावा. रॉडचे टोक लूरच्या वजनाने मागे वाकले पाहिजे आणि त्या वाकण्याचीच ताकद लूरला मिळाली पाहिजे. झटका दिला की स्पूल एकदम उसळतो आणि कोणताही ब्रेक त्याला वेळेवर आवरू शकत नाही. अंगठा स्पूलवर अगदी हलका टेकलेला असावा, उसळू लागलेल्या वेटोळ्यांचा स्पर्श त्याला व्हावा इतपतच, आणि लूर पाण्याला टेकण्याच्या क्षणी स्पूल पूर्ण थांबवावा. हे जमत गेले तसा मी चुंबकी ब्रेक एकेका खाचेने कमी करत गेलो. हंगामाच्या मध्यापर्यंत तो जवळजवळ तळाला आला होता आणि फेकीचे अंतर आपोआप वाढले होते. समोरून वारा असेल तेव्हा मात्र मी आजही तो दोन-तीन खाचा वर नेतो, कारण अशा वाऱ्यात लूर हवेतच फार लवकर मंदावते.

गुंता झाल्यावर नखांनी वेटोळी उपसत बसण्यापेक्षा एक सोपा उपाय आधी करून पाहावा. अंगठा स्पूलवर घट्ट दाबून हँडलचे दोन-तीन फेरे फिरवावेत आणि मग लाइन हळूच बाहेर ओढावी. बहुतेक साधे गुंते एवढ्याने सुटतात. सुटल्यावर तेवढ्या भागावरून बोटे फिरवून पाहणे मात्र आवश्यक आहे, कारण फ्लुरोकार्बनला एकदा मुरड पडली की ती त्याच जागी तुटते, आणि नेमकी मोठा मासा लागल्यावर तुटते.

लाइनविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण रीलइतकाच फरक तिने पडतो. फ्लुरोकार्बनची घनता सुमारे १.७८ आहे, नायलॉनची १.१४ आणि वेणीच्या पॉलिइथिलीन लाइनची ०.९७. म्हणजे फ्लुरोकार्बन पाण्यात बुडते, नायलॉन अगदी सावकाश बुडते आणि वेणीची लाइन तरंगते. तळावरून ओढायच्या लूरसाठी बुडणारी लाइन उपयोगी ठरते, कारण ती लूरपासून रॉडपर्यंत कमी बाक घेऊन राहते आणि तळाचा स्पर्श वाटेत हरवत नाही. फ्लुरोकार्बनचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचे माप) साधारण १.४२ असून पाण्याच्या १.३३ला तो नायलॉनपेक्षा जवळ आहे, त्यामुळे ती पाण्यात कमी दिसते. नितळ पाण्यात हा गुण कामाचा आहे, पण गढूळ पाण्यात मला त्याने काही फरक पडलेला जाणवला नाही. तिचे दोष असे की ती ताठ असते, स्पूलवर राहून वळणे धरते आणि गाठ आवळताना होणाऱ्या घर्षणाच्या उष्णतेने कमजोर होते. म्हणून गाठ ओली करूनच हळू आवळावी. मी पालोमार गाठ मारतो, म्हणजे लाइन दुहेरी करून गळाला बांधायची गाठ. ती अंधारातही जमते, मात्र तिचे दोन पदर एकमेकांवर चढू देऊ नयेत.

या संचावर मी सर्वाधिक वापरले ते टेक्सास रिग. १९४९ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातील ॲक्रन येथे निक क्रीम यांनी मऊ प्लास्टिकचा कृत्रिम गांडूळ तयार केला, आणि पुढे त्याच्या तोंडाशी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे सरकते वजन लावून, गळाचे टोक प्लास्टिकमध्येच लपवून तो ओढण्याची ही रीत रूढ झाली. टोक लपलेले असल्याने पाणवनस्पतींतून आणि बुडालेल्या फांद्यांतून हे लूर न अडकता जाते, आणि बास माशाची दबा धरण्याची आवडती जागा तीच असते. मी १० ग्रॅमचे टंगस्टनचे वजन वापरतो. टंगस्टनची घनता शिशाच्या सुमारे १.७ पट असल्याने तेवढ्याच वजनाचा तुकडा लहान होतो, आणि तो कठीण असल्याने दगडावर आपटल्याचे रॉडच्या मुठीपर्यंत स्पष्ट कळते.

हे कळणे हाच माझ्या दृष्टीने या संचाचा खरा लाभ आहे. पहिल्या आठवड्यांत मला फक्त दोन अवस्था ओळखू येत होत्या, अडकले आणि सुटले. पुढे गाळावरून सरकताना येणारा मऊ जडपणा, खडीवरची सलग थरथर, ओंडक्यावर चढताना हळूहळू वाढणारा ताण आणि पलीकडे उतरताच अचानक आलेली ढील, हे सारे वेगवेगळे कळू लागले. बास आमिष चावत नाही. तो तोंड आणि कल्ले एकदम उघडून पाण्यासकट ते आत ओढून घेतो. त्यामुळे त्याचा घास बहुधा एका बारीक टिचकीसारखा जाणवतो, कधी लाइन आडवी सरकू लागते, आणि कधी तर वजनच नाहीसे झाल्यासारखे वाटते. या तिसऱ्या खुणेकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, पण ती फार महत्त्वाची आहे, कारण मासा आमिष घेऊन आपल्याच दिशेने पोहत आलेला असतो. अशा वेळी आधी वेगाने ढील गुंडाळावी, रॉडला माशाचे वजन लागले की मगच जोराचा हिसका द्यावा. ७.१:१ गुणोत्तराच्या रीलवर हँडलच्या एका फेऱ्यात सुमारे पाऊण मीटर लाइन आत येते, आणि ढील गुंडाळताना तो वेग फारच उपयोगी पडतो.

तोच वेग गार पाण्यात अडचणीचा होतो. बास हा शीतरक्ताचा मासा असल्याने पाणी थंड असले की त्याचा चयापचय मंदावतो, तो आमिषामागे लांबवर धावत नाही, आणि हात मात्र सवयीने रील फिरवत राहतो. यावर उपाय म्हणजे लूर हलवण्याचे काम रॉडने करायचे आणि रीलकडे केवळ ढील गोळा करण्याचे काम ठेवायचे. रॉडचे टोक बाजूला, पाण्याशी समांतर नेत लूर हातभर ओढावे, थांबावे, मग रॉड पुन्हा पुढे आणताना तेवढीच लाइन गुंडाळावी. ही शिस्त मला इतकी उपयोगी वाटली की पाणी तापल्यावरही मी दिवसाची सुरुवात त्याच संथ गतीने करतो आणि मासे चपळ आहेत असे दिसले तरच वेग वाढवतो. पाण्याचे तापमान १५ अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ लागले की बास अंडी घालण्यासाठी उथळ, कठीण तळाच्या जागी येऊ लागतो. त्या काळात अचूक आणि आवाज न करता उतरणारी फेक लागते, आणि तिथे अंगठ्याने स्पूल हळुवार थांबवता येण्याचा फायदा स्पिनिंग रीलवर सहज मिळत नाही.

हा संच सर्व कामांसाठी नाही, हेही तितकेच स्पष्ट सांगतो. ७ ग्रॅमच्या खालचे लूर यावर नीट फेकले जात नाही, कारण एवढे हलके वजन रॉडला वाकवत नाही आणि स्पूललाही पुरेशी गती देत नाही. ड्रॉप शॉट (गळाच्या खाली वजन बांधायची रीत) किंवा वजन न लावलेला वॅकी रिग (गांडुळाच्या मधोमध गळ टोचायची रीत) यांसाठी स्पिनिंगच हवी, आणि त्याबाबत अट्टाहास करण्यात अर्थ नाही. क्रँकबेटवरही, म्हणजे ओढताना थरथरत खाली जाणाऱ्या कठीण लूरवरही, माझे समाधान झाले नाही. त्याचे तिहेरी गळ बारीक तारेचे असतात आणि माशाच्या तोंडात वरवर रुततात. ताठ, फास्ट ॲक्शनचा रॉड मासा उसळी घेताना पुरेसा झुकत नाही, आणि गळ निसटतो.

मासा लागल्यावर मात्र हा ताठपणा पूर्णपणे आपल्या बाजूने असतो. पाणवनस्पतींच्या दाट पट्ट्यातून त्याचे तोंड आपल्याकडे वळवता येते, झुंज लांबत नाही आणि मासा फार थकण्याआधी हाताशी येतो. ज्यांना तो परत सोडायचा असतो, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील बास स्पर्धांचे आयोजक रे स्कॉट यांनी १९७२ मध्ये आपल्या स्पर्धांत, पकडलेले मासे जिवंत सोडण्याची चळवळ सुरू केली. आज जगभरातील बास मच्छीमारांनी ही रीत आपलीशी केली आहे आणि मलाही ती मनापासून पटते. हात ओले करूनच मासा धरावा, म्हणजे त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघत नाही. मोठा मासा केवळ खालच्या जबड्याला धरून आडवा वाकवू नये, दुसऱ्या हाताने पोटाखाली आधार द्यावा, आणि छायाचित्र काढायचे असेल तर तयारी मासा पाण्यात असतानाच पूर्ण करावी.

रीलच्या टिकाऊपणाबद्दल माझी एक तक्रार आहे. पहिल्या थंडीतच हिसका देताना हँडल किंचित मागे फिरू लागले. कारण हँडल उलटे फिरू न देणाऱ्या एकदिशा बेअरिंगमध्ये कारखान्यातूनच भरलेले जादा ग्रीस होते. ग्रीस गारठून घट्ट झाले की त्या बेअरिंगमधील रोळ वेळेवर अडकत नाहीत. ते बेअरिंग पुसून स्वच्छ केले, पातळ तेलाचा जेमतेम थेंब दिला आणि दोष कायमचा गेला; पण नव्या रीलमध्ये तो असायला नको होता. बाकी यंत्रणेने चांगली साथ दिली. स्पूलच्या बेअरिंगना अधूनमधून एक थेंब तेल, मुख्य गिअरला थोडे ग्रीस आणि लाइन सारखी गुंडाळणाऱ्या आडव्या स्क्रूवरची माती ब्रशने झाडणे, एवढी निगा पुरते. घरी आल्यावर ड्रॅग (मासा ओढू लागला की लाइन रोधासह सुटू देणारी यंत्रणा) सैल करून ठेवावा, म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत. लाइन ज्यांतून जाते त्या रॉडच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवावा. तंतू अडकले तर कड्याला बारीक तडा गेलेला असतो, आणि असे कडे नवीन लाइनही एका दिवसात खरवडून टाकते.

पुढच्या हंगामासाठी या संचाजोडीला मी क्रँकबेटकरिता ग्लासफायबरचा, मॉडरेट ॲक्शनचा (मध्यापर्यंत वाकणारा) रॉड आणि ५.४:१च्या आसपासची संथ रील घेणार आहे. टेक्सास रिगसाठी मात्र हाच रॉड, हीच रील आणि हीच १२ पौंडी लाइन कायम राहील. फक्त प्रत्येक फेरीनंतर तिचा शेवटचा मीटरभर भाग कापून गाठ नव्याने मारायची.