रिकंडिशन टर्बो: नऊ महिने आणि १३ हजार किलोमीटरनंतर

माझी गाडी २०१५ सालची डिझेल, पासिंग केए-२२. माझ्याकडे आली तेव्हा ९४ हजार पळालेली होती. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यात गाडीचा दोष कमी आणि आधीच्या मालकाचा नि माझा जास्त. गेल्या श्रावणात गोवा-बेळगाव रस्त्यावरच्या चोर्ला घाटाच्या चढावर तिचा टर्बो गेला. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा. कोल्हापुरातून रिकंडिशन केलेला आणून बसवला, त्याला आता नऊ महिने आणि १३,२०० किलोमीटर झाले. बेळगावच्या उद्यमबागेत चहाच्या टपरीवर दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, "रिकंडिशन घेतलास ते चालतंय काय रे?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

जाण्याआधी दोन महिने तो शिट्टी वाजवत होता. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला जोर दिला की जत्रेतल्या पिपाणीसारखा बारीक आवाज. मला वाटलं कुठला तरी एअर पाइप सैल झालाय. ऑइलही कमी व्हायला लागलं होतं, महिन्याला अर्धा लिटर. खाली थेंब नाही, म्हणजे लीक नाही, असं म्हणून वरून ओतत राहिलो. माणूस मशीन शॉपमध्ये वीस वर्षं काढतो आणि स्वतःच्या गाडीबाबत इतका आंधळा राहतो, याची आता लाज वाटते.

त्या दिवशी गोव्याहून परत येत होतो. केरी सोडून घाट चढायला लागलो आणि अचानक गाडीतला दम गेला. आरशात बघतो तर मागचा रस्ताच दिसेना, निळसर पांढरा धूर. बाजूला घेऊन न्यूट्रल केली. ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिनचा आवाज वाढत चालला. चावी बंद केली तरी वाढतच होता! शेजारी मेहुणा होता, टिपर चालवतो. तो ओरडला, "दाजी, पाचवा टाका, ब्रेक दाबून धरा, क्लच सोडा!" तसं केलं. गाडीने एक जोराचा गचका दिला आणि बंद पडली. नंतरच्या शांततेत बॉनेटवर पडणाऱ्या पावसाचा चरचर आवाज तेवढा येत होता.

डिझेल इंजिनला स्पार्क लागत नाही. हवा दाबली की तापते आणि त्यात जे जळण्यासारखं जाईल ते जळतं. टर्बोचं सील गेलं की इंजिनचंच ऑइल हवेच्या पाइपातून सिलिंडरमध्ये जातं आणि इंजिन त्यावर पळायला लागतं. चावीने बंद होतो तो डिझेलचा पुरवठा, ऑइलचा नाही. मेहुण्याला हे ठाऊक नसतं तर पिस्टन आणि रॉड त्या वळणावरच संपले असते. गिअरवाली गाडी असेल तर हा उपाय घरातल्या सगळ्यांना शिकवून ठेवा. हवेच्या पाइपवर हात ठेवून बंद करायला मात्र कुणी जाऊ नये, ओढ भयंकर असते.

टोचन करून कणकुंबी, जांबोटीमार्गे गाडी बेळगावात आणली. पहिल्यांदा मोठ्या वर्कशॉपला नेली. तिथे काही न उघडताच "इंजिन असेंब्ली बदलावी लागेल" म्हणून आकडा दिला. तो ऐकून गाडी ऑटोनगरात आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा, खालचा पाइप सोडला आणि खाली पाण्याची रिकामी बाटली धरली. अर्धी बाटली काळं ऑइल निघालं. "सर, हे बघा की ओ, तुमचं महिन्याचं अर्धा लिटर हितं बसलंय."

टर्बो काढून टेबलावर ठेवला. हवेकडच्या ॲल्युमिनियमच्या पंख्याच्या पात्या भोवतीच्या घरावर, म्हणजे केसिंगवर, घासून कडेला चावल्यासारख्या झाल्या होत्या. एका पातीचं टोकच गायब. मी शॉपमधला डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारा काटा, आणून पंख्याच्या शाफ्टला लावला. आडवा थोडा हलतो ते चालतं, कारण आतले पितळी बुश ऑइलच्या थरावर तरंगतात. पण पुढे-मागे खेळ शंभर मायक्रॉनच्या आत हवा. इथे काटा तीनशेच्या पुढे गेला. आमच्या शॉपमधला सगळ्यात वेगवान स्पिंडल १२ हजार आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला १२ हजार फेऱ्यांचा. हा शाफ्ट लाख-दीड लाखाने फिरतो. एवढ्या वेगात ऑइलचा थर क्षणभर तुटला तरी बुशला धातूच लागतो.

मग प्रश्न, पातीचं टोक गेलं कुठे? ते सिलिंडरमध्ये गेलं असतं तर लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, ओरखडा, व्हॉल्व्हला पोच, पिस्टनच्या डोक्यावर खड्डे, सगळंच आलं असतं. ग्लो प्लग काढून मिस्त्रींनी चारही सिलिंडरमध्ये बारीक कॅमेरा घातला. भिंतींवर होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात मुद्दाम पाडलेल्या बारीक, रेघा शाबूत. कॉम्प्रेशनही चारही ठिकाणी जवळपास सारखं. इंटरकूलर धुवायला काढला तेव्हा तांदळाच्या कणीएवढा चकचकीत तुकडा खाली पडला. इंटरकूलरने इंजिन वाचवलं म्हणायचं. म्हणूनच टर्बो बदलताना इंटरकूलर नुसता फुंकर मारून परत बसवणाऱ्याकडे गाडी देऊ नका. आत राहिलेली एक कणी नव्या टर्बोनंतर महिन्याभरानेसुद्धा सिलिंडरमध्ये जाऊ शकते. राहिलेल्या ऑइलने इंजिन पुन्हा पळू शकतं ते वेगळंच.

बुशची झीज मात्र इंजिनात पोचली होती. टर्बो आणि इंजिन एकाच ऑइलवर जगतात. इंजिनखालचा ऑइलचा चेंबर खोलला तर तळाला सोनेरी चुरा. पिस्टनच्या रॉडच्या मोठ्या टोकाकडच्या बेअरिंगपैकी एकावर रेघ पडलेली, म्हणून चारही रॉडची बेअरिंग बदलली.

आणि मूळ कारण? टर्बोला ऑइल पुरवणारी पेन्सिलपेक्षा बारीक नळी. तिच्या बोल्टच्या छिद्रात जळकं ऑइल घट्ट बसलं होतं, कढईच्या तळाला लागलेल्या कुंद्यासारखं (कुंदा म्हणजे आमच्या बेळगावची आटवलेल्या दुधाची मिठाई). सुईने टोकरलं तरी निघेना. आधीच्या मालकाच्या बिलांत दोन ऑइल बदलांमध्ये १८ हजार किलोमीटरचं अंतर आहे. भरीस भर, कुणीतरी पूर्वी ऑइल परत येणाऱ्या पाइपाच्या तोंडाला लाल सिलिकॉन भरपूर लावलेलं. ते आत फुगून निम्मी वाट अडवून बसलेलं. ऑइल खाली उतरायला वाट नसली की ते सीलमधून बाहेर पडतं. हे सील रबरी नसतं, पिस्टन रिंगसारखी लोखंडी कडी असते, तुंबलेलं ऑइल ती अडवू शकत नाही. म्हणजे टर्बो मेला नाही, त्याला उपाशी ठेवून वर गळाही दाबला होता.

आता खर्च. नव्या टर्बोचा भाव ४३ हजार सांगितला. कोल्हापुरातल्या एका दुकानात जुनं घर ठेवून आतलं कार्ट्रिज, म्हणजे शाफ्ट, बुश आणि पंख्यांचा मधला भाग, नवं घातलेला टर्बो साडेअठरा हजाराला, सहा महिन्यांची वॉरंटी. भंगार बाजारातला सहा हजारांत मिळत होता, तो नको म्हटलं. मी दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, कार्ट्रिज बॅलन्स केल्याचा रिपोर्ट आहे का? त्याने मशीनचा छापील कागद काढून दिला, म्हणून घेतला. ऑइल पुरवणारी नवी नळी (फीड नळी), गॅस्केट, फिल्टर, ऑइल, बेअरिंग आणि मजुरी धरून सगळं मिळून ३६ हजाराच्या आसपास गेलं. घरी आकडा सांगताना नळीची किंमत मोठी करून सांगितली आणि टर्बोची लहान.

बसवताना मिस्त्रींनी टर्बोच्या तोंडात आधी ऑइल ओतलं, शाफ्ट हाताने फिरवला, मग डिझेलचा पुरवठा तोडून स्टार्टर मारत राहिले, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. कोरड्या शाफ्टवर पहिलं स्टार्ट म्हणजे नवा टर्बो दहा सेकंदांत जुना.

पहिले दोन आठवडे त्रास झाला. बेळगावहून निपाणीला जाताना वंटमुरीच्या घाटात ऐन चढावर इंजिनचा दिवा लागला आणि गाडी बैलगाडीसारखी चालू लागली. टर्बोचं प्रेशर आवरणाऱ्या ॲक्च्युएटरचा दांडा जास्त ओढलेला निघाला. प्रेशर ठरलेल्यापेक्षा वर जात होतं आणि कॉम्प्युटर स्वतःच ताकद तोडत होता. दुकानदार म्हणाला, बसवण्यात चूक. मिस्त्री म्हणाले, दांडा तुम्हीच सेट करून दिलाय. दोघांना फोनवर आमनेसामने आणल्यावर दुकानदाराने सेट करून दिला. वॉरंटीसाठी त्याने पहिल्यांदा फीड नळीचं बिलच मागितलं. ते नसतं तर हात वर केले असते. तेव्हा ते बिल जपा.

त्यानंतर गाडी बरी आहे. पूर्वी १,८०० आरपीएमला जोर यायचा, आता १,९५० च्या पुढे येतो. गावात फिरताना जाणवतं, हायवेला नाही. थंडीत सकाळी हलकी शिट्टी येते, गरम झाल्यावर जाते. हत्तरगी टोल ते कोगनोळी टोल या पट्ट्यात ॲव्हरेज २० च्या आसपास, म्हणजे जुनंच. १३ हजारांत ऑइल वरून जेमतेम ३०० मिली टाकलं. नव्या टर्बोइतकी तरतरी नाही हे मान्य, पण अर्ध्याहून कमी पैशांत ती मागायलाही संकोच वाटतो.

माझ्या सवयी मात्र बदलल्या. ऑइल दर ७,५०० ला, कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं. सकाळी स्टार्ट करून लगेच रेस नाही. आणि तवंदी घाट चढून ढाब्यावर थांबलो की बंद करण्याआधी एक मिनिट इंजिन चालू ठेवतो. एक्झॉस्टकडचं चाक सातशे अंशांपर्यंत तापलेलं असतं; लगेच बंद केलं तर आत अडकलेलं ऑइल जागेवर जळून त्याचा पुन्हा कुंदाच होतो. बायको विचारते, "गाडीची आरती चालू आहे का?"

परवा रविवारी पाइप सोडून परत डायल लावला. पुढे-मागे खेळ ६० मायक्रॉन, बसवला त्या दिवशी ५० होता. पाइपात बोट फिरवलं तर ऑइलचा पातळ हात लागला, तेवढा चालतो. वॉरंटी तीन महिन्यांपूर्वीच संपली आहे. पुढची मापणी २० हजारांवर करीन आणि आकडा इथेच खाली लिहीन.