पूर्व उपनगरातील एका सेवा केंद्राविषयी

प्रवेशांचे दिवस आले की उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर यांसाठी मुंबईतल्या सेवा केंद्रांवर गर्दी उसळते. हे अर्ज 'आपले सरकार' संकेतस्थळावर घरबसल्या भरता येतात, तरीही लोक केंद्रातच का येतात, हे पूर्व उपनगरातल्या एका लहानशा केंद्रात बसल्यावर नीट कळते.

झेरॉक्सच्या दुकानात थाटलेले हे केंद्र ज्या ताई चालवतात, त्यांचे काम अतिशय चोख आहे. अर्जासोबतचे कागद ठरावीक आकाराच्या फाइलमध्येच चढवावे लागतात, आणि फाइल लहान करताना जुन्या रेशनकार्डावरची अक्षरे पुसट होऊन पुढे अर्जात त्रुटी निघते, म्हणून त्या प्रत्येक पान पडद्यावर मोठे करून आधी स्वतः वाचतात. माझ्या पुढे घरकाम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना ताई म्हणाल्या, "मावशी, पत्त्याचं पान वाचता येत नाही. वीजबिल घरमालकाच्या नावावर असेल तर भाडेकरार घेऊन या." मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात त्यांनी मावशींच्या मुलाचा क्रमांक घातला आणि तो कामावर असल्याने फोन करून ओटीपी विचारून घेतला. वेळ वाचवण्यासाठी केंद्राचाच क्रमांक घालण्याची पद्धत मी दुसरीकडे पाहिली आहे. त्यात त्रुटीचा संदेश अर्जदारापर्यंत पोहोचतच नाही. सेवा ऑनलाइन असणे आणि ती मावशींच्या हाती पडणे यांतले अंतर अशा दक्षतेनेच भरून निघते, असे माझे ठाम मत आहे.

पोचपावतीही लगेच मिळते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते. ती टळली किंवा अर्ज फेटाळला गेला, तर खात्यातच पहिले व दुसरे अपील आणि त्यानंतर राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते, शिवाय कसूरदार अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एवढा भक्कम हक्क हाती असूनही रांगेतल्या फारच थोड्या लोकांना त्याची माहिती होती. पावती देताना मुदतीची तारीख आणि अपिलाचा मार्ग तोंडी सांगितला जात नाही, ही या केंद्राची ठळक उणीव आहे.

एक गोष्ट मात्र केंद्राच्या हातात नाही. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला आणि शासकीय कागदपत्रे ऑनलाइन ठेवण्याची व दाखवण्याची सोय असलेले डिजिलॉकर 2015 पासून उपलब्ध आहे. तरीही शासनानेच दिलेले रेशनकार्ड स्कॅन करून पुन्हा शासनालाच द्यावे लागते. खात्यांनी आपल्या नोंदी परस्परांत पडताळल्या, तर या केंद्रातले निम्मे काम उरणार नाही, आणि ते न उरणेच लोकांच्या हिताचे आहे.

दरपत्रक भिंतीवर आहे, परंतु झेरॉक्स यंत्राच्या आड गेल्याने सहज दिसत नाही. ते दारापाशी लावायला हवे. घेतलेल्या रकमेची पावती मात्र न मागता मिळाली. आसपास राहणाऱ्यांनी दाखल्यांसाठी या केंद्रात अवश्य जावे, मूळ कागद सोबत न्यावेत आणि मुदतीची तारीख पावतीवर लिहून मागावी.