बीवायएफ ४२, 'ऑल मॅचिंग' आणि माझे २६०० डॉलर

हे लिहायला दीड वर्ष गेलं, कारण सरळ आहे, लाज वाटत होती. मी ओहायोत राहतो, सिटिझन झाल्यावर जुन्या जर्मन पिस्तुलांचा नाद लागला. भारतात ९ एमएम म्हणजे प्रतिबंधित बोअर, त्यामुळे तिकडच्या मित्रांना यातलं काही घेणंदेणं नाही, पण इथे आमच्या मंडळातलेच तीन-चार जण आता गन शोला (बंदुका-पिस्तुलांच्या विक्रीच्या जत्रेला) जायला लागलेत आणि गेल्या आठवड्यात एकाने फोटो पाठवला, 'दादा ही घेऊ का, सगळे नंबर मॅच आहेत म्हणतोय', तो फोटो बघून पोटात गोळाच आला.

माझी होती ल्युगर पी.०८. टॉगलवर (पाठीवरच्या दुमडणाऱ्या सांध्यावर) बीवायएफ, चेंबरच्या, म्हणजे गोळी बसते त्या भागाच्या, डोक्यावर ४२, म्हणजे माउझरने १९४२ ला बनवलेली. हे वाचायला मी शिकलो होतो आणि त्याचाच माज होता. आधी एस/४२, मग १९३९-४० ला नुसतं ४२, मग बीवायएफ, हे सगळे माउझरचेच कोड, कारखान्याचं नाव बाहेर कळू नये म्हणून. नवखे लोक टॉगलवरचं ४२ बघून ते साल समजतात, मी त्यांना हसायचो. उजव्या बाजूला दोन बारके गरुड, खाली १३५, शेजारी गरुड-स्वस्तिकाचा प्रूफचा, म्हणजे चाचणीत पास झाल्याचा, ठसा. १३५ हा आर्मीच्या तपासणीचा नंबर, ४१ सालच्या बऱ्याच पिस्तुलांवर त्याजागी ६५५ असतो, म्हणजे ४२ ला १३५, बरोबर! टेबलापाशी उभा राहून मी मनातल्या मनात परीक्षा देत होतो आणि पैकीच्या पैकी मार्क पडत होते.

ल्युगरच्या बारीकसारीक पार्टवरसुद्धा नंबर असतो. पूर्ण नंबर फ्रेमच्या पुढच्या तोंडावर, शेवटचे दोन आकडे ट्रिगर, साइडप्लेट (बाजूची झाकणपट्टी), टेकडाउन लिव्हर (पिस्तूल खोलायची कळ), जिथे जागा मिळेल तिथे. सगळे जुळले तर किंमत कुठल्या कुठे जाते, एखाददुसरा बदललेला असला तर ती 'शूटर', नुसती चालवायच्या कामाची. हिचे शेवटचे आकडे ८७. प्रत्येक पार्टवर ८७, मॅगझिनवरही (गोळ्या भरायच्या डबीवर) ८७. वर काळ्या बेकलाइटच्या (जुन्या कडक प्लॅस्टिकच्या) ग्रिप, म्हणजे मुठीच्या पट्ट्या, ज्याला इकडे 'ब्लॅक विडो' म्हणतात (हे नाव जर्मनांनी कधी ऐकलंही नसेल, लढाईनंतर इकडच्या विक्रेत्यांनी काढलेलं).

विकणारे सत्तरीचे आजोबा. 'माझ्या वडिलांनी ४५ साली जर्मनीतून आणली', आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये एक पिवळट कागद, सैनिकाला लढाईतली वस्तू घरी न्यायची परवानगी दिल्याचा, खाली अधिकाऱ्याची सही. त्यावर लिहिलेलं 'एक जर्मन पिस्तूल', नंबर काही नाही. तिथे खटकायला हवं होतं, नाही खटकलं, कारण ते वडिलांबद्दल बोलताना चष्मा काढून डोळे पुसत होते आणि माझेही बाबा पुण्यात एकटे असतात. २८०० सांगितले, २६०० ला दिली, होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं म्यान) फुकट.

चार महिने मिरवली. मग नेमबाजीच्या रेंजवर जुनी पिस्तुलं जमवणारा एक कलेक्टर भेटला, तीस-चाळीस वर्षं यातच घालवलेला माणूस. त्याने पिस्तूल हातात घेतलं, कोडकडे बघितलंसुद्धा नाही, आधी मॅगझिन काढलं आणि हसला. काळ्या प्लॅस्टिकच्या बुडाचं, पाठीवर पी.०८ आणि एफएक्सओ, म्हणजे हेनेल कंपनीचं, इथवर सगळं खरं. पण या प्लॅस्टिक बुडाच्या मॅगझिनवर पिस्तुलाचा नंबर घालतच नसत, नंबर असायचे ते आधीच्या अ‍ॅल्युमिनियम बुडाच्यांवर. म्हणजे ज्या ८७ वर मी सगळ्यात जास्त भाळलो होतो तोच पहिला खोटा निघाला, भामट्याने जरा जास्तच मॅच करून ठेवलं होतं!

मग त्याने साइडप्लेट उतरवून खिडकीकडे धरली आणि हळूहळू तिरकी केली. कारखान्यातून आलेल्या सपाट पत्र्यावर उजेडाची रेघ सरळ सरकते, इथे ती आकड्यांपाशी येऊन वाकली, बारीक खळगा होता, कानस मारून जुना नंबर उडवलेला. भिंगातून ८ च्या बाजूला जुन्या आकड्याचं अर्धं पोट अजून दिसत होतं. आणि नव्या आकड्यांच्या कडा नखाला टोचत होत्या, पंच मारला की धातू बाजूला सरून कड उठते, ती तशीच ठेवलेली. ट्रिगरवरचा ७ आणि लिव्हरवरचा ७, दोघांची ठेवणच वेगळी. शेवटी त्याने अंगठ्याने ती जागा जोरात घासली आणि अंगठा माझ्या नाकाशी धरला, उग्र, सडक्या अंड्यासारखा वास. बाटलीतलं ब्लूइंग (पोलाद काळं करायचं रसायन), म्हणाला, कापसाने लावायचं, दहा मिनिटांत काळं होतं. मी चार महिने तेल लावत होतो त्या पिस्तुलाला, एकदाही वास घेतला नव्हता.

त्याच्या मते हा रशियन माल. पूर्व आघाडीवर रशियनांनी जर्मन पिस्तुलं ढिगाने पकडली, लढाईनंतर गोदामात सगळी खोलून साफ केली, जोडताना कुणाचा पार्ट कुणाला लागला याची फिकीर नाही, वरून सरसकट काळं केलं, बऱ्याचवर डावीकडे एक्सची खूण मारली. पुढे ही इकडे इम्पोर्ट झाली, आणि १९६८ च्या कायद्यापासून इम्पोर्टरला स्वतःचा ठसा मारावाच लागतो, तो असला की कलेक्टर तोंड फिरवतात. माझीच्या नळीखाली नाणं मावेल एवढा भाग गुळगुळीत होता, म्हणजे तिथला ठसा बहुतेक घासून उडवलेला. डावीकडेही, एक्स असतो तिथे, एक जागा जरा बसकी. कोड खरा, गरुड खरे, १३५ खरा, फ्रेमचा नंबरसुद्धा खरा, खोटं होतं ते फक्त जुळणं, आणि मी पैसे जुळण्याचेच दिले होते. (होल्स्टर मात्र अस्सल निघालं, १९३८ चं.)

बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ते जुन्या बाजारात शिवराया गोळा करायचे, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'नाण्यावर काय लिहिलंय ते वाचलंस, वाजवून बघितलंस का?' पुढे मी काही बोललो नाही.

विकणाऱ्या आजोबांनी दिलेला फोन नंबर लागत नव्हता. शोवाल्यांनी सांगितलं, दोन खाजगी माणसांतला व्यवहार, आमचा संबंध नाही. माझ्याकडे पावती नाही, रोख दिलेले.

आठ महिन्यांनी दुसऱ्या गावच्या शोमध्ये तेच आजोबा. या वेळी टेबलावर पी.३८ (दुसरं एक जर्मन पिस्तूल), स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, सीवायक्यू, म्हणजे स्प्रेवेर्क कारखान्याची, आणि शेजारी तोच फोल्डर, तोच पिवळट कागद, 'एक जर्मन पिस्तूल', वडिलांनी ४५ साली आणलेलं. मला ओळखलं नाही. मी बॅगेतून माझी ल्युगर काढून पुढे ठेवली, म्हटलं विकायचीय, किती द्याल. त्यांनी साइडप्लेट उजेडाकडे तिरकी केली, भिंगसुद्धा नाही लागलं, आणि मान हलवली. 'नंबर परत मारलेत रे यावर, तुला फसवलं कुणीतरी. ९०० देतो.'