दिवाळीत घेतलेला फोन, अकोल्याच्या उन्हाळ्यानंतर

फोन वीस हजारांच्या आतबाहेरचा. ५जी, ५००० एमएएचची बॅटरी, १२० हर्ट्झची स्क्रीन, ६७ वॉटचा चार्जर खोक्यातच. कंपनी आणि मॉडेल लिहीत नाही, कारण याच किमतीतले वेगळ्या कंपन्यांचे आणखी दोन फोन घरात आहेत आणि उन्हाळ्यात थोड्याफार फरकाने त्यांचंही हेच झालं.

मी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. अकोला मुख्यालय. मूर्तिजापूर, अकोट, बाळापूर ही नेहमीची गावं, अधूनमधून परतवाड्याहून वर धारणीपर्यंत. दिवसभर मोटारसायकल आणि दिवसभर फोन. नकाशा, डॉक्टरांच्या भेटी नोंदवायचं ऑफिसचं ॲप (हे लोकेशन सतत चालू ठेवतं), स्टॉकिस्टच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयने. गेम खेळत नाही. म्हणजे फोनला जड म्हणावं असं काहीच काम नाही.

थंडीत या फोनबद्दल एक शब्द वावगा बोलता आला नसता. फेब्रुवारीपर्यंत फोन कधी कोमटसुद्धा झाला नाही. बहुतेक परीक्षणं फोन बाजारात आल्या आल्या, पंख्याखाली नाहीतर एसीत बसून केलेली असतात. त्यांतलं सगळं खरं असतं, पण त्यात आपला मे महिना नसतो.

एप्रिलच्या मध्यापासून चित्र बदललं. हँडलच्या होल्डरवर फोन, नकाशा चालू, दुपारची वेळ. अर्ध्या तासात बॅटरीचं तापमान ४६-४७ अंशांवर. पहिला फटका ब्राइटनेसला. पेट्रोल पंपावर उन्हात उभं राहून पैसे पाठवताना स्क्रीन इतकी काळवंडली की रकमेचा आकडा दिसेना. हाताची सावली केली, पट्टी शेवटपर्यंत ओढली, पण फोनने आतूनच प्रकाश दाबून टाकला होता. मागे रांग, पंपावरचा मुलगा ताटकळलेला. शेवटी पाकिटातली नोट दिली. दुसरा फटका कॅमेऱ्याला: ‘तापमान जास्त आहे’ असं सांगून फ्लॅश बंद. तिसरा चार्जिंगला, त्याबद्दल पुढे लिहितो.

यात बिघाड असा काही नाही. अशा फोनमध्ये पंखा नसतो. प्रोसेसरची उष्णता ग्राफाइटच्या पातळ थरातून पाठीवर आणि कडेच्या फ्रेमवर पसरते आणि तिथून हवेत जाते. हवा २५ अंशांवर असेल तर ती आनंदाने जाते. हवाच ४४ अंशांवर असेल तर जाणार कुठे? वर काळ्या काचेवर थेट ऊन. मग फोन स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो, प्रकाश कमी करतो. ॲपल आपल्या आयफोनसाठी वापराची मर्यादा शून्य ते ३५ अंश अशी लिहून देतं. विदर्भात भर उन्हाळ्यात ही मर्यादा दुपार व्हायच्या आधीच ओलांडली जाते. एवढा महागडा फोन ३५ अंशांसाठी बनतो, तर वीस हजारांच्या फोनकडून काय अपेक्षा करायची?

सगळ्यात मोठा धडा मात्र उन्हाने नाही, मेळघाटाने शिकवला. सेमाडोह ते हरिसाल, दोन्ही बाजूंना झाडी, सावलीचा रस्ता, हवा खालच्यापेक्षा बरी. फोन बॅगेच्या आतल्या कप्प्यात, स्क्रीन बंद. चहाला थांबून बाहेर काढला तर हाताला चटका बसावा इतका गरम, आणि बॅटरी सकाळच्या निम्म्यावर. कारण नेटवर्क. टॉवर लांब गेला की फोन जास्त ताकद लावून सिग्नल पाठवतो. सिग्नल सुटला की पुन्हा पुन्हा शोधत राहतो. त्यात ५जी कधी मिळतंय कधी जातंय अशी अवस्था असेल, तर ४जी-५जीच्या उड्या वेगळ्याच. पुढच्या फेरीला परतवाडा सोडल्यावर एअरप्लेन मोड लावला, नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून घेतला. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, रस्ता व्यवस्थित दिसत राहिला. धारणीत फोन गारच निघाला. अकोल्यातही आमच्या घराच्या मागच्या खोलीत सिग्नलची एकच कांडी येते, आणि फोन तिथेच तापतो. त्या खोलीत आता वायफाय कॉलिंग चालू ठेवतो आणि ५जी बंद. माझ्या वापरात एवढ्या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा बाकी कशानेच पडला नाही.

चार्जिंग. ६७ वॉट हा आकडा जाहिरातीला छान आहे. थंडीत फोन पाऊण तासाच्या आत भरायचा. मेमध्ये दुपारी घरी येऊन लगेच लावला तर दीड तासही लागायचा, कारण ४५ अंशांच्या वर लिथियम-आयन बॅटरी भरणं तिच्या प्रकृतीला घातक असतं आणि फोन करंट कमी करतो किंवा थांबवतोच. हे त्याने करायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. ओळखीच्या मोबाइल दुकानदाराने फोन हातात घेताच सांगितलं, “भाऊ, हे कव्हर काढा पयले.” जाड रबरी कव्हर होतं. ते काढून, फोन पंख्याखाली पालथा ठेवून, दहा-पंधरा मिनिटांनी चार्जर लावला की काम नीट होतं. आता शक्यतो पहाटे उठल्यावर भरतो आणि ८० टक्क्यांची मर्यादा लावून ठेवली आहे. फ्रिजमध्ये फोन ठेवणारे मित्र आहेत. कृपा करून तसं करू नका, बाहेर काढताच आत दव धरतं.

या सगळ्याची किंमत बॅटरी मोजते. पूर्ण भरलेली लिथियम-आयन बॅटरी २५ अंशांत वर्षभर नुसती ठेवली तर साधारण ८० टक्के क्षमता उरते, ४० अंशांत ठेवली तर ६५ टक्क्यांच्या आसपास. अर्धवट भरलेली असेल तर नुकसान पुष्कळ कमी. माझ्या फोनवर पूर्वी रात्री नवापर्यंत चालणारी बॅटरी आता सातलाच चार्जर मागते. सर्व्हिस सेंटरने तपासून ‘मर्यादेत आहे’ एवढंच सांगितलं. त्यांच्या कागदावर ते बरोबर असेल, पण ज्या भागात फोन विकता तिथल्या हवेचा विचार त्या मर्यादेत असायला नको का? हा राग मला मनापासून आहे.

तापणं आणि पेटणं यांत गल्लत करू नये, हेही सांगतो. २०१६ मधला गॅलक्सी नोट ७ बॅटरीतल्या दोषामुळे पेटत होता आणि सॅमसंगने तो बाजारातून काढूनच घेतला. ते प्रकरण वेगळं. आणि महाग फोन तापत नाही असंही नाही. २०२३ मध्ये आयफोन १५ प्रो तापत असल्याच्या तक्रारी आल्या, ॲपलने आयओएस १७ मधला दोष आणि काही ॲप्स यांना कारण सांगितलं आणि १७.०.३ अपडेट दिलं. अपडेटने सुधारणा होते, हे माझ्या फोनवरही दिसलं. जूनच्या अपडेटनंतर पहिले एक-दोन दिवस उलट जास्त तापला (आतली उस्तवार चालू असते), मग मेपेक्षा बरा. अर्थात तेव्हा मृगाच्या सरीही आल्या होत्या, त्यामुळे सगळं श्रेय अपडेटला देत नाही.

घ्यावा का? पुण्या-नाशकात, ऑफिसात बसून वापरणाऱ्याने खुशाल घ्यावा. डिलिव्हरी, सर्व्हे, वसुली, एमआर अशी उन्हातली कामं असतील तर दुकानात वॉटचे आकडे विचारू नका. फोन हातात घ्या, दुकानाबाहेर उन्हात या, कॅमेऱ्यावर दहा मिनिटं व्हिडिओ चालू ठेवा आणि स्क्रीन वाचता येते का ते बघा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. ऑक्टोबर हीटमध्ये पुन्हा याच रस्त्यांवर मोजणार आहे, तेव्हाचे आकडे याच्याच खाली जोडेन.