डबा अस्सल, आतले एमसीबी बनावट

आमच्या घरात बसवलेल्या १२ एमसीबींपैकी (जास्त लोड किंवा शॉर्ट झाला की वीज आपोआप तोडणारे स्विच) ९ बनावट निघाले. हे स्विच ज्यात बसतात तो डीबीचा डबा अस्सल, दारावरचं कंपनीचं नाव अस्सल, मेनचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, तोही अस्सल. खोटा माल नेमका सॉकेट, गीझर, स्वयंपाकघर अशा रोज लोड येणाऱ्या सर्किटांवर. पुण्यात जुन्या सोसायट्यांमधून वायरिंग बदलण्याची कामं सतत चालू असतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

ठेकेदारानं मटेरियलसकट भाव दिला होता. काम दिसायला नीटनेटकं, प्रत्येक एमसीबीखाली खोलीचं नाव चिकटवलेलं. जाताना आईला डीबीसमोर उभं करून त्यानं टेस्टचं बटण दाबलं. खटकन सगळं घर बंद. "बघा काकू, आता काळजीच नाही."

फसवणुकीचं मर्म या प्रात्यक्षिकातच आहे. ते बटण आरसीसीबीचं. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठंतरी गळती झाली, की तो पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो. शॉकपासून माणूस वाचावा म्हणून तो असतो. पण फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले किंवा वायरला पेलणार नाही इतका लोड आला, तर जाणारा-येणारा करंट सारखाच राहतो आणि आरसीसीबीला काही कळत नाही. तिथं एमसीबीच लागतो, आणि एमसीबीला टेस्टचं बटण नसतं. लिव्हर वर केला की दिवा लागतो, खाली केला की विझतो. एवढं तर बनावट एमसीबीसुद्धा वर्षानुवर्षं करतो. त्यामुळे घरातल्या माणसाला संशय यायला जागाच राहत नाही.

आमच्याकडे इस्त्रीची केबल मुठीपाशी शॉर्ट झाली. १६ अँपिअरचा एमसीबी अशा वेळी पापणी लवायच्या आत पडायला हवा. तो पडला नाही. सॉकेटमधून जाळ आला, वायरीचं इन्सुलेशन जळाल्याचा वास घरभर पसरला आणि शेवटी खाली मीटररूममधला कटआउटचा फ्यूज उडाला तेव्हा वीज गेली. आई सॉकेटपासून हातभर अंतरावर उभी होती. हे आठवलं की मला आजही त्या ठेकेदाराचा संताप येतो.

ओळखीचे एक निवृत्त वायरमन काका आले. त्यांनी जळकी वायर सोडवली, त्या एमसीबीचा लिव्हर खाली ठेवला आणि वीज दिली. तरीही एमसीबीच्या खालच्या टोकाला टेस्टर पेटत होता. आतले कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना चिकटले होते. लिव्हर बंद दाखवतोय आणि लाइन चालू! त्या भरवशावर कुणी सॉकेट उघडला असता तर?

काकांनी तो एमसीबी फोडून दाखवला. अस्सल एमसीबीत तीन गोष्टी बघायच्या: ओव्हरलोडला तापून वाकणारी बायमेटलची पट्टी, शॉर्टला खटका ओढणारी तांब्याची कॉइल, आणि ठिणगीचे तुकडे करून ती विझवणाऱ्या पत्र्यांची चळत. आमच्यात पट्टी नावापुरती, कॉइलचे वेढे मोजकेच आणि पत्र्यांची चळत मुळीच नाही. वर मात्र चौकटीत १०००० छापलेलं, म्हणजे दहा हजार अँपिअरचा शॉर्ट तोडण्याची हमी. आयएसआय शिक्काही होता. शिक्क्याखालचा सीएम/एल नंबर, म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक, बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरो) बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला, तर तो भलत्याच उत्पादकाचा निघाला. एमसीबीला आयएसआय शिक्का कायद्यानं सक्तीचा आहे, आणि हा नंबर तपासायला फोनवर मिनिटभर लागतं. तपासणी माल बसवण्याआधी करा.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. गीझरचं सर्किट सुरुवातीला ट्रिप व्हायचं, तेव्हा ठेकेदारानं "मोठा टाकतो" म्हणून ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला होता. वायर होती अडीचची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असतो, म्हणून त्याचा आकडा वायरवरून ठरतो. दीडच्या वायरला ६ किंवा १०, अडीचच्या वायरला १६, चारच्या वायरला २० किंवा २५ असं साधारण धरतात. ट्रिप होतोय म्हणून कुणी नुसता आकडा वाढवून देत असेल, तर त्याला तिथंच थांबवा आणि ट्रिप का होतोय ते शोधायला लावा. २ किलोवॉटचा गीझर ९ अँपिअरसुद्धा घेत नाही. १६ चा पडत असेल तर दोष गीझरमध्ये, वायरीत नाहीतर एमसीबीतच आहे.

ठेकेदार म्हणाला, दुकानदारानं दिलं ते बसवलं. दुकानदार म्हणाला, कच्च्या बिलावर काय लिहिलंय ते आमचं नाही. म्हणून मटेरियल स्वतः आणा. पुण्याच्या तपकीर गल्लीत काय किंवा मुंबईच्या लोहार चाळीत काय, अधिकृत वितरक बसलेले आहेत. त्यांची नावं कंपनीच्या साइटवर पाहून जा. जीएसटीच्या पक्क्या बिलावर कंपनी, अँपिअर आणि नग लिहून घ्या. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्या आणि टेस्ट रिपोर्ट मागा. मटेरियल त्याच्याकडूनच घ्यायचं ठरलं, तर सीलबंद खोकी तुमच्यासमोर फोडायला सांगा.

फसवणूक झालीच असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. आम्ही तक्रार नोंदवल्यावर ठेकेदार पैसे परत द्यायला तयार झाला, पण त्याची अट होती की काढलेले सगळे एमसीबी त्याला परत द्यायचे. आम्ही दिले नाहीत. तोच आमचा पुरावा होता, आणि ते नग उद्या दुसऱ्या कुणाच्या घरात बसले असते.