उतरत्या छताची इलेक्ट्रिक सेदान की उभ्या बांध्याची?

महागडी इलेक्ट्रिक सेदान घ्यायची म्हटलं की निवड शेवटी दोन जातींवर येऊन थांबते. एक फक्त विजेसाठी आखलेली, निमुळती, छत मागे उतरत गेलेली. दुसरी उंच छताची, उभ्या नाकाची, जिचा सांगाडा पेट्रोलच्या मॉडेललाही चालतो. पहिली मी दीड वर्ष चालवली, हल्ली दुसरी चालवतो. तेव्हा पुढचं जरा बेतानं घ्या.

पिकअप, शांतता, स्क्रीन यात दोघींत डावं-उजवं करण्यासारखं मला काही दिसलं नाही. वजनदार दोघीही, टायर दोघीही खातात.

हायवेवर मात्र पहिलीचा हात धरणं कठीण. वेग 80 वरून 120 वर नेला की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो, म्हणून या गाड्यांचा आकार साबणाच्या झिजलेल्या वडीसारखा. लुसिड एअर या इलेक्ट्रिक सेदानने तर हवारोधाचा गुणांक (हा जितका कमी, तितका हवेचा अडथळा कमी) 0.197 वर आणला. मी नेहमी जातो त्या लांबच्या रस्त्यावर दुसरीला एकदा जास्त चार्जरला लावावं लागतं. 80 टक्क्यांनंतर चार्जिंग रेंगाळतं, त्यामुळे मी तिथेच केबल काढतो; तरी वेळ जातोच. शिवाय पहिलीचं मागचं दार काचेसकट वर उघडायचं, मोठी बॅग आडवी सरकवता यायची. ती सोय अजून आठवते.

मग विकली का? मागच्या सीटमुळे.

बॅटरी जमिनीखाली, म्हणजे गाडीची फरशी वर आली. फरशी वर आली की सीटही तेवढी वर घ्यायला हवी, पण उतरतं छत ती घेऊ देत नाही, डोकं लागतं. मग सीट खालीच राहते आणि गुडघे वर येतात. पाय पसरायला जागा भरपूर, पण मांड्या अधांतरी, सगळा भार कमरेवर. मी पुढे बसणारा, मला वर्षभर पत्ताच नव्हता. एकदा लांब निघालो असताना आरशात पाहिलं, तर बाबांनी स्वेटरची घडी करून मांडीखाली सरकवली होती. विचारलं तर म्हणाले, "काही नाही रे, तू चालव." त्यानंतर प्रत्येक प्रवासात ती घडी मला दिसत राहिली. उतरतानाही ते आधी डोकं वाकवायचे, मग दाराची चौकट धरून उठायचे.

सगळ्या निमुळत्या गाड्या अशाच, असं मी म्हणणार नाही. पोर्शने 2019 च्या टायकानमध्ये मागे बसणाऱ्यांच्या पायांसाठी बॅटरीतच खाचा ठेवल्या आहेत, म्हणजे अडचण त्यांनाही दिसली होती. दुसऱ्या जातीत छतच उंच, त्यामुळे सीट खुर्चीसारखी बसते. स्वेटर आता डिकीत असतो.

बहुतेक एकटेच चालवणार असाल, आणि तेही लांब, तर पहिली घ्या. माझा किस्सा तुमच्या कामाचा नाही. मागे कोणी रोज बसणार असेल तर टेस्ट ड्राइव्हला त्यांनाच मागे बसवा, बूट घालून, निदान अर्धा तास. शोरूममध्ये दोन मिनिटं बसून सगळेच "छान आहे" म्हणतात. बाबाही म्हणाले होते.